समुद्र कुणी कुणाला शिकवायचा?

कोकण किनाऱ्यावर संवर्धनाचा विषय निघाला की वाद ठरलेल्या दोन वाटांनी जातो. एक बाजू म्हणते, किनाऱ्यावरच्या लोकांना समुद्राचं मोल कळत नाही, हाताएवढीही न झालेली मासळी ते ओढून आणतात, आधी त्यांच्यात जागृती करा. दुसरी म्हणते, कासवं वाचवणं हे शहरातल्या पोटभरल्या लोकांचं खूळ आहे आणि त्यापायी गरिबाच्या पोटावर पाय येतो. सभा अभयारण्याची असो, बंदराची असो की मासेमारीबंदीची, घटकाभरात बोलणारे याच दोन बाजूंना जाऊन बसतात. मला वाटतं, दोघंही एकच गोष्ट गृहीत धरतात, ती म्हणजे संवर्धन किनाऱ्यावर बाहेरून येतं. एकाला ते आणून द्यायचंय, दुसऱ्याला परतवून लावायचंय. हे गृहीतच चूक आहे. या देशात समुद्र राखायचे जे मोठे लढे झाले, ते पारंपरिक मच्छीमारांनी लढले. त्यांना पाण्यावर हक्क देणं आणि त्यांच्याकडचं ज्ञान शाळेत आणणं या दोन कामांना बगल देऊन जागृतीचे कितीही कार्यक्रम घेतले, तरी समुद्राला त्याचा उपयोग होणार नाही.

मी स्वतः असा एक कार्यक्रम घेतलाय, म्हणून हे लिहितो. सिंधुदुर्गातल्या एका खाडीकाठच्या शाळेत सागरी जीवनावर बोलायला गेलो होतो. सोबत मोठी रंगीत चित्रं होती: प्रवाळ, नारिंगी पट्ट्यांचे मासे, बर्फावरचं अस्वल. सातवीतला एक मुलगा चित्राकडे बराच वेळ पाहत होता. मग म्हणाला, "सर, ह्यो मासो आमच्या हयसर गावना नाय." मी सहज विचारलं, मग काय गावतं? त्यानं तारली, पेडवे, बांगडे, लेपे, सौंदाळे, मोरी अशी रांगच लावली. कुठला मासा कुठल्या जाळ्याला लागतो, अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला पाण्याची ओढ कशी असते, अष्टमीच्या सुमाराच्या भांगाला ती कशी मरते, पहाटे जमिनीकडून समुद्राकडे वाहणाऱ्या मतलई वाऱ्यावर होडी बाहेर कशी निघते, हेही सांगितलं. त्याचे वडील रापणीवर, म्हणजे किनाऱ्यावरून अनेकांनी मिळून ओढायच्या मोठ्या जाळ्यावर, जायचे. मी त्याला शाबासकी दिली, खाली बसवलं आणि पुढचं चित्र काढलं. वर्गात समुद्र जाणणारा एकच जण होता आणि मी त्याला श्रोता केलं. ही चूक माझी एकट्याची होती असं मात्र मला वाटत नाही. आपली सगळी 'जनजागृती' अशीच चालते.

आता इतिहास पाहू. १९५२मध्ये केरळात इंडो-नॉर्वेजियन प्रकल्प सुरू झाला आणि पुढच्या दोन-अडीच दशकांत कोळंबीच्या निर्यातीसाठी यांत्रिक ट्रॉलर किनाऱ्या-किनाऱ्यावर आले. तळ खरवडत जाणारी जाळी. त्याविरुद्ध सत्तरच्या दशकात गोव्यात उठले ते रापणकार. 'गोंयच्या रापणकारांचो एकवोट' ही त्यांची संघटना आणि मथानी साल्ढाणा यांचं नेतृत्व हा गोव्याच्या सार्वजनिक इतिहासाचा भाग आहे. किनाऱ्यालगतचं पाणी ट्रॉलरपासून मोकळं ठेवा, ही त्यांची मागणी. आजचे सागरशास्त्रज्ञ उथळ पाण्यातल्या प्रजननक्षेत्रांच्या रक्षणाबद्दल बोलतात, तेव्हा ते वेगळं काय सांगतात? या असंतोषातूनच राज्यांचे सागरी मासेमारी नियमन कायदे आले, केरळ आणि गोव्यात १९८०मध्ये, महाराष्ट्रात १९८१मध्ये. केरळच्या मच्छीमारांनी मोर्चे काढून, उपोषणं करून १९८८मध्ये पावसाळ्यातली ट्रॉलिंगबंदी पदरात पाडून घेतली. १९८९मध्ये देशभरचे मच्छीमार किनाऱ्याकिनाऱ्याने कन्याकुमारीपर्यंत चालत गेले. पाणी राखा, जीवन राखा, ही त्या यात्रेची हाक होती. ते सगळं कुठल्या जागृती मोहिमेतून आलं होतं?

पावसाळ्यात होड्या शाकारून ठेवायच्या आणि नारळी पौर्णिमेला नारळ वाहून दर्यात उतरायचं, ही रीत कायद्याच्या कितीतरी आधीची. पूर्वी महाराष्ट्राच्या बंदीकाळाच्या नियमातच १५ ऑगस्ट किंवा नारळी पौर्णिमा, यांपैकी जे आधी येईल तोवर बंदी, असं लिहिलेलं होतं. सरकारनं रीत उचलून नियम केला होता. आज १ जून ते ३१ जुलै अशी सरसकट तारीख आहे. मी परंपरेचं भाबडं गुणगान करत नाही. खवळलेल्या दर्यात छोटी होडी घालणं म्हणजे जिवाशी खेळ, हे रीत पडण्याचं मुख्य कारण असणार. पण कारण काहीही असो, विणीच्या दिवसांत समुद्राला उसंत मिळत होती. ती मोडली मोठ्या इंजिनांनी, आणि त्या इंजिनांना अनुदान देणारे शिकलेले होते.

मालवणची गोष्ट तर या वादावर लख्ख प्रकाश टाकते. १३ एप्रिल १९८७ला मालवण सागरी अभयारण्य जाहीर झालं, क्षेत्र २९.१२ चौरस किलोमीटर. त्याचा गाभा म्हणजे सिंधुदुर्ग किल्ला आणि पद्मगडाभोवतालचं प्रवाळांचं पाणी. ज्यांच्या होड्या रोज त्या पाण्यावरून जातात त्यांना विश्वासात घेतलं गेलं नाही, अशी स्थानिकांची तक्रार होती. विरोध पेटला, दशकानुदशकं धुमसत राहिला, आणि मालवणच्या मच्छीमारांवर 'पर्यावरणविरोधी' असा शिक्का बसला. पण याच किनाऱ्यावरचे मच्छीमार पर्ससीनविरुद्ध उभे होते. पर्ससीन जाळं माशांच्या अख्ख्या थव्याला वेढा घालतं आणि खालची दोरी आवळली की पिशवीचं तोंड बंद करावं तसं मिटतं. तारली-बांगड्याचा थवा एका फेरीत संपतो, रापणीच्या वाट्याला रिकामं पाणी उरतं. पर्ससीनच्या परिणामांचा अभ्यास करणाऱ्या सोमवंशी समितीचा अहवाल, ५ फेब्रुवारी २०१६चा पर्ससीनवर निर्बंध घालणारा राज्याचा आदेश, पुढे २०१७मध्ये केंद्रानं एलईडी दिव्यांच्या झोतानं मासे गोळा करून धरण्यावर घातलेली बंदी, या प्रत्येकामागे पारंपरिक मच्छीमारांचा रेटा होता. ज्यांना आपण संवर्धनाचे शत्रू म्हणत होतो, ते कुठल्याही अभयारण्यापेक्षा मोठ्या पाण्यासाठी कडक नियम मागत होते. अभयारण्याला नकार आणि पर्ससीनबंदीची मागणी या दोन्हींत एकच सूत्र आहे: आमच्या पाण्याचा निर्णय आमच्याशिवाय घेऊ नका.

आता माझ्या म्हणण्याविरुद्धचे मुद्दे. ते मला पटतात, म्हणून ते टाळून पुढे जायचं नाही.

किनारा काही निष्पापांची वस्ती नाही, हा पहिला. एलईडीचे जनरेटर गावातल्याच नौकांवर चढतात. मिनी पर्ससीनचे मालक कुणाचे तरी काका-मामाच असतात. कासवाची अंडी वर्षानुवर्षं गावकऱ्यांनीच उकरून नेली, खाल्ली, विकली. हे सगळं खरं आहे. पण 'मच्छीमार' नावाचा एकच माणूस नसतो. ट्रॉलरमालक, त्याच्याकडचा परराज्यातला खलाशी, रापणीत वाटा असलेला म्हातारा, लिलाव पुकारणारा, टोपली घेऊन बाजारात बसणारी बाई, यांचे हितसंबंध वेगळे, कधीकधी उलटे. यातल्या कुणाला अडवायचं आणि कुणाच्या पाठीशी उभं राहायचं हे न ठरवता 'समाजात जागृती करा' म्हणणं म्हणजे निर्णय टाळणं. शिवाय, बारकं पापलेट धरणाऱ्याला ते बारकं आहे हे कळत नाही असं खरंच कुणाला वाटतं का? त्याला ठाऊक असतं की वर्षभरानं त्याचं चौपट मोल येईल. त्याला हेही ठाऊक असतं की आपण आज सोडलं तर तासाभरात शेजारची नौका ते उचलेल. अडचण अज्ञानाची नाही. खात्रीची आहे. सामायिक साधनसंपत्ती टिकते ती वापरणाऱ्यांनी स्वतः नियम केले, स्वतः पहारा दिला आणि नियम मोडणाऱ्याला आवर घालण्याची ताकद त्यांच्याकडे असली तर, हे एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी जगभरची उदाहरणं तपासून दाखवलं आणि २००९मध्ये त्यांना अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. २०२३मध्ये महाराष्ट्रानं मासळीच्या ५४ जातींसाठी पकडीचा किमान आकार ठरवून दिला. नियम उत्तम आहे. पण पहाटे चार वाजता धक्क्यावर पट्टी घेऊन उभं कोण राहणार, आणि त्याचं ऐकणार कोण? गावानं निवडलेली समिती असेल तर ऐकतील. नुसता फलक असेल तर त्याला टेकून जाळी वाळत घालतील.

दुसरा मुद्दा याहून वजनदार आहे. लोकांची वाट पाहत बसलो असतो तर कांदळवनं उरली नसती. २००५चा मुंबई उच्च न्यायालयाचा आदेश आणि २०१२मध्ये स्थापन झालेला राज्याचा कांदळवन कक्ष नसता तर भराव टाकणाऱ्यांनी खाड्या केव्हाच गिळल्या असत्या. बिल्डरच्या डंपरपुढे ग्रामसभेचा ठराव टिकत नाही, तिथे न्यायालयच लागतं. मी हे मान्य करतो आणि कायदा नको असं म्हणत नाही. पण कायदा कुणावर चालवायचा आहे, याकडे पाहा. डंपर दिसतो, भर समुद्रातलं जाळं दिसत नाही. गुजरातच्या किनाऱ्यावर देवमुशीला, म्हणजे व्हेल शार्कला, 'बॅरल' म्हणायचे, कारण तिला गळ मारून रिकामी पिंपं बांधत आणि ती दमेपर्यंत मागे जात. २००१मध्ये तिला वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत घातलं. चित्र पालटलं ते २००४नंतर, जेव्हा रामकथाकार मोरारी बापूंनी तिला बाळंतपणासाठी माहेरी आलेल्या लेकीची उपमा दिली, गावं तिला 'व्हाली' म्हणू लागली, आणि तिला सोडण्यासाठी जाळं कापलं तर भरपाई मिळू लागली. महाराष्ट्रानंही डिसेंबर २०१८पासून हाच मार्ग घेतला: जाळ्यात कासव, डॉल्फिन, देवमुशी सापडली तर जाळं कापून सोडा, फोटो किंवा व्हिडिओ काढा, २५ हजार रुपयांपर्यंत भरपाई घ्या. त्याआधी जाळ्यात कासव सापडलेला माणूस काय करत असेल, कल्पना करा. जाळं कापावं तर हजारोंचं नुकसान, न कापावं तर गुन्हा, सांगायला जावं तर चौकशी. तो गप्प बसणारच. भरपाईनं त्याच्या तोंडावरचं भय काढलं आणि शेकडो प्राणी सुटले. हातातला मोबाइल काढून मच्छीमार स्वतःच नोंद पाठवू लागला. माणूस तोच, बदललं ते त्याचं आणि सरकारचं नातं.

वेळासकडेही मी याच नजरेनं पाहतो. मंडणगड तालुक्यातलं हे छोटं गाव. चिपळूणच्या 'सह्याद्री निसर्ग मित्र' संस्थेनं भाऊ काटदरे यांच्या पुढाकारानं २००२मध्ये इथे ऑलिव्ह रिडले कासवांचं काम सुरू केलं. तिथल्या कामाचं स्वरूप फार साधं आहे. उजाडायच्या आत गावातला माणूस पुळणीवरून चालत जातो. रात्री मादी येऊन गेली असेल तर वाळूवर छोट्या ट्रॅक्टरचं चाक फिरल्यासारखी दुहेरी वाट दिसते. ती जिथे संपते तिथे तो बारीक काठी हलक्या हातानं टोचतो. वाळू कुठे मऊ लागते हे हाताला कळावं लागतं, जोर जास्त झाला तर अंडं फुटतं. मग सुमारे दीड फुटावरून शंभर-सव्वाशे अंडी एकेक करून काढायची आणि कुंपणाच्या आत तेवढ्याच खोलीचा, तसाच मडक्याच्या आकाराचा खड्डा करून त्यात ठेवायची. साधारण ४५ ते ६० दिवसांनी वाळू किंचित खचते, म्हणजे पिल्लं वर येतायत. त्यांना टोपलीनं समुद्रापासून काही अंतरावर आणून सोडतात. चालायचं त्यांचं त्यांनाच असतं. यातलं किती पुस्तकात शिकवता येईल? २००६पासून कासव महोत्सव सुरू झाला, पाहुणे गावातल्या घरांत राहू लागले, आणि जेवणाखाणाचे पैसे त्या घरांतल्या बायकांच्या हाती पडले. अंडी उकरणारं गाव पहारा देऊ लागलं. त्यांना कासव किती थोर आहे हे पटवून दिलं म्हणून? ते असेलच. पण काम गावाकडे आलं, मिळकत गावात राहिली आणि मान गावाला मिळाला, हे मला मोठं कारण वाटतं. मालवण आणि वेळास, दोन्ही कोकणच, दोन्हीकडची माणसं सारख्याच स्वभावाची. फरक आरंभात आहे. एकीकडे अधिसूचना आधी आली, दुसरीकडे माणसं आधी भेटली.

हक्क हा शब्द मी वारंवार वापरतोय, कारण जंगलाच्या बाबतीत आपण ही वाट चालून पाहिली आहे. गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावानं 'दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार' म्हटलं तेव्हा तो अनेकांना उद्धटपणा वाटला. गावानं अभ्यासगट चालवले, सर्वसहमतीनं निर्णय घेतले, आणि २००९मध्ये वनहक्क कायद्याखाली सामूहिक वनहक्क मिळवले. बांबू त्यांच्या ताब्यात आला म्हणून जंगल संपलं नाही. आदिवासींना जंगलावरचा हक्क मान्य करणारा २००६चा कायदा आहे. रापणकराला, डोलकराला, खाडीत शिवल्या, म्हणजे शिंपल्या, काढणाऱ्या बाईला तिच्या पाण्यावर असा हक्क देणारा कायदा कुठे आहे? परवाना नौकेला मिळतो. बाईकडे नौका नसते, ती ओहोटीला कंबरभर पाण्यात उभी असते, म्हणून सरकारी कागदावर तिची मासेमारी जवळजवळ नसतेच.

अशांना विचारून केलेला नियम कसा चालतो, हे केरळच्या अष्टमुडी खाडीत दिसलं. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला तिथली शिंपल्यांची पैदास घसरली. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी कारण शोधलं, आणि मच्छीमारांच्या साथीनं डिसेंबर ते फेब्रुवारी हा विणीचा काळ बंद ठेवण्याचं ठरलं. पैदास सावरली, आणि २०१४मध्ये शाश्वत मासेमारीचं आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र मिळवणारी ती भारतातली पहिली मासेमारी ठरली. इथे शास्त्र हवंच होतं. बंदी कुठल्या महिन्यांत घालायची हे शिंपल्याच्या पोटातली अंडी तपासल्याशिवाय कळलं नसतं. शास्त्रज्ञाला बाजूला सारा, असं माझं म्हणणं कधीच नव्हतं.

उलट चूकही इतिहासात आहे, आणि भयंकर महागाची. कॅनडातल्या न्यूफाउंडलंडचा कॉड मासा पाच शतकं जगाला पुरला. १९८०च्या दशकात किनाऱ्याजवळ मासेमारी करणारे सांगत होते की मासा कमी होतोय, आकार लहान होतोय. सरकारी शास्त्रज्ञांचे अंदाज मात्र खोल समुद्रातल्या मोठ्या ट्रॉलरांच्या पकडीवर बरेच विसंबून होते. मासा आकसून जिथे गोळा झाला होता, नेमके तिथेच ते ट्रॉलर जात, म्हणून आकडे चांगले दिसत. २ जुलै १९९२ला मासेमारी बंद करावी लागली. सुमारे ३० हजार लोकांचं काम गेलं आणि कॉड अजून पूर्वपदावर आलेला नाही. छोट्या होडीतल्या माणसाचं म्हणणं 'ऐकीव' म्हणून बाजूला ठेवण्याची ही किंमत.

तिसरा आक्षेप प्रमाणाचा आहे, आणि त्याला माझ्याकडे पुरतं उत्तर नाही. अरबी समुद्र तापतोय, निसर्ग आणि तौक्तेसारखी वादळं येऊन गेली, शहरांचं सांडपाणी खाड्यांत येतंय. एका गावाच्या पुळणीवरचा पहारा याला कसा पुरणार? फिलिपिन्समधल्या अपो बेटावरच्या लोकांनी १९८२मध्ये शास्त्रज्ञ आंखेल अल्काला यांच्या सोबतीनं आपल्या प्रवाळांचा एक तुकडा मासेमारीला बंद केला, वर्षानुवर्षं राखला, जगात नाव मिळवलं. २०११ आणि २०१२च्या वादळांनी त्या राखलेल्या तुकड्याची नासधूस केली. पालघर जिल्ह्यातल्या वाढवणला तर १९९८मध्ये डहाणूच्या पर्यावरण प्राधिकरणानं बंदर नाकारलं होतं. मच्छीमार विरोध करत राहिले, तरी २०२४मध्ये पायाभरणी झाली. गावं हरतात, हे मला दिसतं. तरी विचारतो, या मोठ्या संकटांसमोर दुसरं कोण उभं आहे? समुद्र बिघडला तर ज्याची चूल त्याच संध्याकाळी विझते, तोच अखेरपर्यंत भांडतो. त्याच्याकडे कायदेशीर हक्क असता तर तो आंदोलक म्हणून अडवला गेला नसता, पक्षकार म्हणून बसवावा लागला असता.

राहता राहिली शाळा. सर्वोच्च न्यायालयानं २२ नोव्हेंबर १९९१च्या निकालात पर्यावरण शिक्षण सक्तीचं करायला सांगितलं, हे चांगलंच झालं. आपल्याकडे त्यासाठी शब्दही सुंदर आहे, 'परिसर अभ्यास'. पण बहुतेक इयत्तांत एकच पुस्तक गडचिरोलीपासून वेंगुर्ल्यापर्यंत चालवायचं म्हटल्यावर परिसर कुणाचाच उरत नाही. समुद्रकाठच्या शाळेला पुस्तकाबाहेर पडायची मुभा हवी, आणि त्यासाठी गुण, तास आणि थोडे पैसे हवेत. मुलांनी रोजच्या भरती-ओहोटीची वही ठेवावी, धक्क्यावर जाऊन उतरलेल्या माशांची लांबी मोजावी. आजीला विचारून पन्नास वर्षांपूर्वी कुठल्या महिन्यात काय मिळायचं ते लिहून काढावं. रापणीतला वाटा कसा पाडतात यावर गणित घालता येईल. वर्गात येऊन शिकवणाऱ्या मच्छीमाराला पाहुण्या व्याख्यात्याचं मानधन द्यावं, सत्काराचा नारळ देऊन बोळवण करू नये. अशा पंचवीस शाळांच्या वह्या पाच वर्षं जमा झाल्या तर मत्स्यविभागाला कुठल्याही सर्वेक्षणातून न मिळणारी नोंद हाती येईल, आणि ती नोंद करणारी मुलं उद्या ग्रामसभेत बसतील तेव्हा त्यांना कुणी अडाणी म्हणू शकणार नाही.

ओडिशाच्या किनाऱ्यावर २०२१मध्ये पट्टी लावलेली एक कासवीण २०२५च्या जानेवारीत गुहागरला अंडी घालायला आली. इतक्या दूरच्या दोन किनाऱ्यांचा संबंध कळला, कारण त्या रात्री गुहागरच्या पुळणीवर कुणीतरी चालत होतं आणि तिच्या पंखावरचा आकडा वाचायचा असतो हे त्याला ठाऊक होतं. असं रात्री चालणाऱ्या गावच्या माणसाला वर्षातून किती महिने पगार मिळतो, त्याचा विमा आहे का, आणि पुढच्या हंगामाचे निर्णय होतात त्या बैठकीला त्याला बोलावलं जातं का, हे आता किनाऱ्यावरच्या प्रत्येक गावात विचारायला हवं.